हातात काम, पिशवीत पुस्तक

पेण तालुक्यातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरातून निघाले ते पोटापाण्यासाठी. घरावर कर्ज होतं. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी बातमी कोकणापर्यंत येऊन पोचली होती. काकांना सोबत घेऊन तिशीतले हे भिक्षुक घाट चढून गेले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहराच्या आत होते. मिळवलेला पैसा वाटेत लुटला गेला, पण आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड त्यांनी खांद्यावरून घरी आणली. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी ही सगळी हकिकत लिहून काढली आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ती ‘माझा प्रवास’ या नावानं छापली.

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. तरी हे पुस्तक अजून ताजं वाटतं, आणि मला त्याचं कारण सरळ दिसतं. गोडसे भटजी कामासाठी हिंडत होते. त्यामुळे प्रत्येक गावात त्यांना कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागलं. स्वयंपाकाला पाणी कुठून आणायचं ते विचारावं लागलं. कोण हात सैल सोडतो आणि कोण नुसता गोड बोलतो, हे ओळखावं लागलं. नुसतं बघायला आलेल्या माणसाला यातलं काहीच करावं लागत नाही, आणि म्हणून त्याला दिसतंही कमी.

प्रवास, वाचन आणि नेहमीच्या नोकरीधंद्याहून निराळं एखादं काम, या तिन्हींची ओढ असलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मात्र ती या तीन गोष्टी तीन कप्प्यांत ठेवतात. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत सहल, रात्री झोप येईपर्यंत चार पानं, आणि ‘काहीतरी वेगळं करायचंय’ हे निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवलेलं. मग सहलीहून आल्यावर फोनमध्ये शेकडो फोटो असतात आणि आठवड्याभरात कोणता किल्ला कोणता हेही सांगता येत नाही. पुस्तक वाचून होतं आणि ते ज्या गावाबद्दल आहे ते गाव नकाशात कुठे हेही ठाऊक नसतं. माझं मनापासून सांगणं आहे, की हे तिन्ही एकत्र बांधा. एखादं छोटं काम हातात घ्या, ते नेईल तिकडे जा, आणि जे पाहाल त्याबद्दलचं वाचा. वय कितीही असो, खिसा कसाही असो, हे जमतं.

काम निवडताना

काम असं असावं, की ते महिन्या-दोन महिन्यांत सुरुवातीपुरतं तरी शिकता यावं. नाहीतर तयारीतच उत्साह संपतो. ते तुम्हाला घराबाहेर काढणारं असावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही जे कराल ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडावं, मग तो उपयोग कितीही लहान असो. ही शेवटची अट मी आग्रहानं सांगते. कारण नुसत्या छंदाला पहिल्या अडचणीत सुट्टी मिळते. कुणीतरी आपल्या कामाची वाट पाहत असेल तर आपण पावसातही छत्री घेऊन निघतो.

आधीपासून अंगात असलेलं कौशल्य वापरलं तर उत्तमच. वैद्यक शिकलेले अनिल अवचट दुष्काळातल्या बिहारमध्ये मदतकार्याला गेले. तिथे जे पाहिलं त्यातून १९६९ साली ‘पूर्णिया’ हे पुस्तक आलं आणि मराठीला एक निराळ्या जातीचा लेखक मिळाला. तुम्ही हिशेब ठेवत असाल, शिवणकाम करत असाल, सुतारकाम येत असेल, नर्स असाल, तर आषाढीच्या वारीत तुमची गरज आहे. दिंड्यांच्या वाटेवर चपला शिवून देणारे, पाय चोळून देणारे, औषधं देणारे लोक दरवर्षी असतात. एखाद्या मुक्कामापुरतं त्यांच्यात सामील होऊन पाहा. जाण्याआधी इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’मधला वारीवरचा लेख वाचावा, असं मी सुचवेन. अभ्यासक म्हणून पाहणारी बाई आणि चालणारी बाई एकाच वेळी कशी असू शकते, ते त्यात कळतं.

पण ज्यांना अगदी कोऱ्या पाटीपासून सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी माझ्या मनात एक काम फार वरच्या जागी आहे. ते म्हणजे मोडी वाचायला शिकणं.

मोडी: घरात सुरू होणारी वाट

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचा रोजचा व्यवहार मोडीत चालत असे. जमाखर्च, खरेदीखतं, वतनाचे कागद, घरची पत्रं. ती लिपी शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत असं झालं, की आजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र नातवाला वाचता येत नाही. २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरून राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या दप्तरांसमोर बसायला मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. इतकी या कामाची गरज जिवंत आहे.

मोडी अवघड आहे असा गवगवा फार आहे. खरं तर मराठी तुम्हाला येतेच, शिकायची आहेत ती फक्त अक्षरं. आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं, अशी ही पद्धत. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. रोज वीस मिनिटं अक्षरं गिरवलीत तर काही आठवड्यांत छापील नमुने वाचता येऊ लागतात. हातानं गिरवणं टाळू नका. नुसतं डोळ्यांनी शिकलेली मोडी टिकत नाही, कारण एखादं अक्षर असं का वळलं हे हाताला आधी समजतं. शिकायला राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग आहेत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सोय आहे, आणि गावापासून किंवा देशापासून दूर राहणाऱ्यांसाठी ऑनलाइन वर्गही चालतात.

खरी गंमत अक्षर लागल्यावर सुरू होते. पत्राच्या आरंभी ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’, मग ‘विनंती उपरी’, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ असे ठरलेले साचे असतात. हे साचे आधी पाठ करावेत. त्यांच्यावरून त्या लिहिणाऱ्याचं वळण कळतं आणि मग मधला मजकूर सुटत जातो. तारखेची जागा तर फारच मजेची. जुन्या मराठी कागदांत सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. ‘खमस अशरीन मया व अलफ’ म्हणजे पाच, वीस, शंभर आणि हजार, एकूण ११२५. त्यात ५९९ मिळवा, १७२४ साल आलं. पुढच्या जानेवारीपासूनचे महिने असतील तर ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. शेतकऱ्याच्या पावसाशी जोडलेलं वर्ष अरबी आकड्यांत आणि मराठी पत्रात! ज्या दिवशी पहिल्यांदा अशी तारीख तुम्ही स्वतः सोडवाल, त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तुम्हाला ‘आता पुढे शिका’ असं सांगावं लागणार नाही.

या वाटेवरचा सगळ्यात मोठा वाटसरू म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. गावोगाव पायी हिंडायचं, स्वतःचं जेवण स्वतः रांधायचं, माळ्यावरची आणि अडगळीतली दप्तरं मागायची, वाचायची, नकलून घ्यायची, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्याचं मंडळ स्थापन झालं त्यातही ते होते. १९२६ च्या अखेरीस धुळ्याला त्यांचं निधन झालं; तिथलं राजवाडे संशोधन मंडळ त्यांच्या नावानं उभं आहे. त्यांचे खंड चाळायला घेतलेत तर प्रस्तावनांपासून सुरुवात करा. त्यांच्या काही मतांशी तुमचं कडाक्याचं भांडण होईल, ते होऊ द्या. पण ज्या निष्ठेनं हा माणूस कागदामागे फिरला, ती निष्ठा वाचणाऱ्याला लागते.

राजवाड्यांइतकं कुणी करावं असं मी म्हणत नाही. तुम्ही आपल्याच घरापासून सुरुवात करा. मामाच्या, आत्याच्या घरी एखादी लोखंडी ट्रंक निघतेच. फक्त काही पथ्यं पाळायला हवीत, आणि त्यात तडजोड नको. कागद कोरड्या, स्वच्छ हातानं धरा. घडी उलगडत नसेल तर ओढू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि कागद लॅमिनेट तर कधीच करू नका. त्यानं तो कायमचा खराब होतो. फोटो काढण्याआधी मालकाची परवानगी घ्या आणि मूळ कागद कुणाच्याही घरातून बाहेर नेऊ नका, मालक कितीही ‘न्या हो’ म्हणाला तरी. झाल्यावर कागद स्वच्छ सुती फडक्यात बांधून परत द्या. पेशवे दप्तरातही गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात ते उगाच नाही. आणि जमिनीच्या किंवा जातीच्या नोंदीचा कागद पुढे आला तर शिकाऊ माणसानं त्यावर निकाल देऊ नये. तिथे अनुभवी वाचकाकडे पाठवावं. चुकलेलं एक अक्षर दोन भावांना कोर्टात नेऊ शकतं.

एक माणूस धरून चाला

वाचन आणि प्रवास जोडायची मला सापडलेली उत्तम रीत म्हणजे एक माणूस धरणं. प्रदेश धरला तर तो फार मोठा होतो, किल्ले धरले तर आकडा वाढवायची घाई होते. एक माणूस धरला, की तो आपल्याला अशा ठिकाणी नेतो जिथे आपण एरवी गेलो नसतो.

नाना फडणवीस घ्या. फडणिशी म्हणजे हिशेबाचं काम, सगळं मोडीतलं. नानांनी आपल्या तरुणपणाची हकिकत एका छोट्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. पानिपताच्या लढाईच्या वेळी ते एकोणिसाव्या वर्षात होते. त्या पळापळीत त्यांची आई कायमची दुरावली, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं राजकारण करणाऱ्या या माणसाच्या लेखणीतून ती हताशा अगदी उघडी उतरली आहे. हे आत्मवृत्त आकारानं लहान आहे. दोन संध्याकाळींत वाचून होतं.

ते वाचून वाईजवळच्या मेणवलीला जा. कृष्णेच्या काठी नानांचा वाडा आणि घाट आहे. घाटावर टांगलेल्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. ती वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा. बहुतेक लोक तिथे सिनेमाच्या चित्रीकरणाची जागा म्हणून येतात आणि अर्ध्या तासात परततात. तुम्ही मोडी शिकत असाल तर तुम्हाला ठाऊक असतं, की या वाड्यातलं ‘मेणवली दप्तर’ इतिहासकारांच्या किती कामी आलं आहे. मग वाड्याची प्रत्येक खोली निराळी दिसते. इथे कारकून बसत असतील, इथे रुमाल ठेवत असतील, असं मन आपोआप शोधू लागतं. तिथून वर घाट चढलात, की पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार लागतं. २०१७ सालच्या मे महिन्यापासून ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं आहे. गावातल्या घरांच्या ओसऱ्यांवर विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही यावं आणि बसून वाचावं. स्ट्रॉबेरी खाऊन पुढे निघून जाण्यापेक्षा तिथे एक पूर्ण दुपार द्या.

नानांच्या भानू घराण्याचं मूळ गाव मात्र इथलं नाही. ते आहे मंडणगड तालुक्यातलं वेळास, सावित्रीच्या खाडीच्या मुखाशी. आणि वेळास म्हटलं, की आज लोकांना नाना आठवत नाहीत, कासवं आठवतात.

वेळासला जाताना

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्री या किनाऱ्यावर येतात, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात परत जातात. आई पुन्हा वळून पाहत नाही. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या अधिक. एके काळी ही अंडी कोल्हे-कुत्री उकरत आणि माणसंही नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं. पहाटे किनारा चालायचा, मादीच्या पावलांच्या खुणा ओळखायच्या, घरटं शोधायचं, अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात हलवायची. हे काम करणाऱ्या गावातल्या मुलांना ‘कासवमित्र’ म्हणतात. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच राहू-जेवू लागले. कासव वाचलं तर गावात पैसा येतो, हा हिशेब सगळ्यांना पटण्यासारखा होता.

जायचं फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. निघण्याआधी गावात फोन करून पिल्लं बाहेर पडताहेत का ते विचारा. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, तेव्हा दोन रात्री राहिलात तर संधी वाढते. तरीही एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. त्या दिवशी यजमानांवर चिडणारे पाहुणे मी पाहिले आहेत, आणि मला फार वाईट वाटलं आहे. कासव काही आपल्या तिकिटाला बांधलेलं नाही. कुंपण आणि समुद्र यांच्यामधली वाळू तुडवू नका, पिल्लाला हात लावू नका, फ्लॅश वापरू नका, आणि मुलांना हे सगळं घरी असतानाच समजावून सांगा.

इथे काम काय करायचं? कासवमित्रांबरोबर पहाटे चालायला मिळेल का ते नम्रपणे विचारा. ते न्यायला तयार झाले, तर त्या दोन तासांत तुम्हाला किनारा वाचायला शिकवतील. कुठली खूण खेकड्याची, कुठली कुत्र्याची, भरतीची रेषा कुठवर आली. चालताना प्लास्टिक आणि तुटकी जाळी गोळा करा. समुद्रात तरंगणाऱ्या जाळ्यांत कासवं अडकतात. दुपारी जेवून गावातल्या महालक्ष्मी-रामेश्वराच्या देवळात जा, त्याच्या जीर्णोद्धाराशी नानांचं नाव जोडलेलं आहे. मग बाणकोटचा किल्ला. १७५६ च्या तहात तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. किल्ल्यावरून पाहिलं, की पलीकडे हरिहरेश्वर दिसतं; त्याच बाजूला श्रीवर्धन, भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं गाव. खाडीच्या एका तीरावरून भट निघाले, दुसऱ्या तीरावरून भानू. वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे जाता येतं. ज्या सावित्रीवर ती बोट चालते तिचा उगम महाबळेश्वरचा. म्हणजे मेणवलीहून वर चढून आपण ज्या डोंगरात गेलो होतो, त्याच डोंगराचं पाणी इथे समुद्राला मिळतं.

हे सगळं एका लहान आत्मवृत्तामुळे आणि एका लिपीमुळे जुळलं. अशा जोड्या प्रत्येकाला आपापल्या सापडतील. चेन्नई किंवा बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तंजावर जवळ आहे. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या काळचे मोडी कागद आहेत, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजी राजांनी कोरवून घेतलेला, भोसले कुळाची कथा सांगणारा लांबलचक मराठी लेख आहे. तमिळ देशात उभं राहून दगडावरची मराठी वाचणं हा अनुभव कुणीही सोडू नये.

काही दिसलं नाही तर?

कामासाठी केलेल्या प्रवासात निराशेची तयारी ठेवावी लागते. वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, ताडोबा, मेळघाटसारख्या जंगलांत वनखातं मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी नोंदवण्याचा उपक्रम घेतं. त्या दिवसांत जंगलातलं पाणी आटलेलं असतं, म्हणून उरलेल्या पाणवठ्यांवर प्राणी येतात, आणि चांदण्यात ते दिसतात. अर्ज आधी करावा लागतो, शुल्क असतं, जागा थोड्या. दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मचाणावरून उतरायचं नाही. मातकट रंगाचे कपडे, भरपूर पाणी, वास न येणारं कोरडं खाणं, अत्तर नाही, बोलणं नाही. वाघ येईलच असं कुणी सांगू शकत नाही. पुष्कळांच्या वाट्याला चितळं, रानडुकरं आणि डासच येतात. नोंदीच्या कागदावर मात्र चितळाला वाघाइतकाच एक रकाना असतो, आणि ते ज्याला पटलं त्याची रात्र वाया जात नाही.

मचाण जमत नसेल तर पक्ष्यांपासून सुरुवात करा. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा. त्या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. नांदूर मध्यमेश्वर, भिगवणचं उजनीचं पाणी, किंवा तुमच्या गावचं तळं, काहीही चालेल. चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत होते. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट या बदल्यांच्या गावांतून त्यांनी पुस्तकं उभी केली. पक्ष्याचं शास्त्रीय नाव त्यांना माहीत असे, आणि तरी ते आदिवासी, कोळी, पारधी त्याला काय म्हणतात ते विचारत आणि टिपून ठेवत. त्यांचा ‘पक्षिकोश’ अशा टिपणांतून झाला. २०२५ साली ते गेले. तळ्याकाठी जाताना ‘रातवा’ किंवा ‘नवेगावबांधचे दिवस’ सोबत घ्या आणि त्यांची ही विचारण्याची सवयही घ्या.

वाचायचं कधी, काय

जाण्याआधी एकच बारीकसं पुस्तक वाचा. फार वाचून गेलं, की आपण पुस्तकातलं शोधत बसतो आणि समोरचं सुटतं. प्रवासात भलतंच काहीतरी न्या, कवितांचं किंवा कथांचं. एसटीच्या खिडकीशी जाड संदर्भग्रंथ उघडत नाही. जाड पुस्तक घरी आल्यावर. तेव्हा गावांची नावं ओळखीची झालेली असतात आणि नकाशा डोक्यात असतो. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियर्स यासाठी फार चांगली. रत्नागिरीचा खंड १८८० चा, पुणे आणि साताऱ्याचे १८८५ चे. भाषा इंग्रजी, पण आज ती फुकट वाचायला मिळतात आणि राज्य शासनाची मराठी गॅझेटियर्सही आहेत. ज्या बंदरात तुम्ही मासे खाल्लेत, तिथे दीडशे वर्षांपूर्वी काय उतरत होतं आणि काय चढत होतं, ते घरी बसून वाचताना हातातला चहा गार होतो. आणि ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. अशा संस्थांच्या कपाटांत अशी पुस्तकं आहेत जी दुकानात कधीच मिळणार नाहीत, आणि ती मागणारा कुणी आला तर तिथल्या माणसांचे चेहरे उजळतात.

प्रवासखर्चाचं सांगायचं तर एसटी सोडू नका. चार आणि सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहे. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट सुरू झालं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच्या वर्षी मोफत प्रवास. काम असलेल्या प्रवासाला एसटीचा आणखी एक फायदा आहे: शेजारी बसलेला माणूस त्या गावचा असतो. सोबत फार माणसं नकोत. एकटं जा, नाहीतर ज्याला गप्प बसता येतं असा एक जण न्या. बायकांनी एकटीनं जायचं असेल तर गावातलं घरगुती राहणं आधी ठरवून घ्यावं. ज्या घरी जेवता तिथली बाई गावाची दारं तुमच्यासाठी उघडते.

वही ठेवा. फोनमध्ये लिहिलेलं परत कुणी वाचत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे. तारीख, गाव, कुणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत काय सांगितलं, एवढं त्याच दिवशी झोपण्याआधी. आपलं मत त्यात नंतर, दुसऱ्या रंगाच्या शाईनं.

पावसाळ्यात किनाऱ्यावर आणि जंगलात फारसं जाता येत नाही. ते दिवस मोडी गिरवायला आणि मागच्या वहीतलं ऋण फेडायला ठेवा. कारण ज्यांनी आपल्याला ट्रंक उघडून दिली, किनाऱ्यावर सोबत नेलं, त्यांना काहीतरी परत गेलं पाहिजे. तळ्याकाठच्या पक्ष्यांची यादी तिथल्या शाळेला पाठवा. घरच्या कागदाचं लिप्यंतर असेल तर ते सुवाच्य अक्षरांत, मूळ जसं आहे तसं, ओळीला ओळ लावून लिहा. वर कागदाची लांबी-रुंदी आणि तुम्ही वाचल्याची तारीख घाला. जो शब्द लागला नाही तिथे टिंबं द्या, अंदाजानं भरू नका. पुढच्या वाचणाऱ्याला ती टिंबंच उपयोगी पडतात. एक प्रत मालकाला, एक तुमच्याजवळ.